ऐनवेळचे विषय

इतिवृत्त माझ्याकडे आलं,
कारण माझं मराठी अक्षर बरं आहे म्हणे.
खरं तर बाकीच्यांना जोडाक्षरं जमत नाहीत.

स्थळ : रुवी, सानपकाकूंचा दिवाणखाना.
जूनचा पहिला शनिवार.
खिडकीबाहेर डोंगर, भाजलेल्या वांग्याच्या सालीसारखा.
हजर : सात जण आणि पोह्यांचं पातेलं.

मंडळाच्या पत्रात होतं,
मुलांनी उन्हाळी उपक्रम स्वतः आखावा,
नेतृत्वगुण वाढीस लागावेत.
वाढीस लागावेत, म्हणजे जणू मेथी,
बाल्कनीतल्या कुंडीत, रोज थोडं पाणी.

पाणीच ठरलं शेवटी. मजुरांना पाणी वाटायचं.
तीनशे बाटल्या, निळ्या टोप्या, टोप्यांवर नाव.
नाव काय, यावर पाऊण तास.
‘ओंजळ’ निवडून आलं, चारास तीन मतांनी.
माझं मत ‘थेंब’ला होतं, तेही इथे नोंदवते.
इरावती अध्यक्ष. तिच्याकडेच मार्कर होता.

मग निहार, जो एरवी पोह्यांतले शेंगदाणे वेचतो,
म्हणाला, तहान लागलीय का, हे विचारलं का कुणी?

लिफ्टमध्ये कुणी बोललं नाही.

इमारतीच्या मागे जिन्याच्या सावलीत
पुठ्ठे अंथरून अकरा माणसं आडवी.
साडेबाराला काम थांबतं, साडेतीनला सुरू होतं.
मध्ये सावली सरकते, तशी ती सरकतात,
न उठता, कुशीवर वळून,
जसा एखादा काटा सरकावा.

एक जण जागे होते, दापोलीकडचे.
आडनाव मुकादम, काम प्लंबरचं.
इरावतीने वहीतलं सगळं वाचून दाखवलं, टोप्यांसकट.
ते ऐकत राहिले. मग म्हणाले,
पाणी हाय गो बाय. कंपनी देते, थंडगार.
झोप नाय.

तीनशे बाटल्यांवर तिने काट मारली.
मार्कर पुठ्ठ्यावर सांडल्यासारखा पसरला, इतका दाबून.

मंडळाचा हॉल तळघरात. दुपारी रिकामा. एसी दोन.
समितीपुढे बोलायचं भाषण
इरावतीने आरशासमोर चार वेळा म्हटलं होतं.
खजिनदार म्हणाले, गणपतीसाठी गालिचा नवा घेतलाय,
सिमेंटचे पाय,
तुम्ही मुलं आहात, समजून घ्या.
तिचा आवाज पहिल्याच वाक्यात बसला.
मी पेन धरून थांबले. काय लिहायचं असतं अशा वेळी?

मी धुईन, निहार म्हणाला.
कशाने?
हाताने.

तरीही तीन आठवडे गेले. अर्ज, शिक्का,
क्लबचं पत्र, त्या पत्रात तारखेची चूक, पुन्हा पत्र.
चिडायचं नाही हे कुठे शिकवत नाहीत,
रांगेतच शिकावं लागतं.

पहिल्या दिवशी कुणी आलं नाही.
पाटी आम्ही तीन भाषांत लावली होती,
त्यांच्यातले आठ जण तेलुगू.
दुसऱ्या दिवशीही नाही.
तिसऱ्या दिवशी मुकादम आले, दारात उभे राहिले,
आत वाकून पाहिलं, जसं परक्याच्या लग्नात पाहतात,
आणि कुणाला तरी हाक मारली.

आता रोज चौदा-पंधरा. कुणी घोरतं.
एक जण झोपेत आकडे बोलतो, तेलुगूत.
आम्ही कुजबुजतो. सौमित्रला शिंक येते तेव्हा
तो जिना चढून वर जाऊन शिंकतो.

अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळी आलेले विषय :

सव्वातीनला इरावती दाराशी बसते
आणि बूट एकेक करून बाहेरच्या तोंडाने वळवून ठेवते,
म्हणजे झोपेतून उठलेल्या माणसाला
फक्त पाय घालायचा राहतो.
हे कुणी ठरवलं नाही. सूचक नाही.
अनुमोदन निहारचं, न बोलता,
एक डावा बूट उचलून.

गालिचा अजून धुतलेला नाही.