मीटर खाली आहे

कोपरखैरण्याचं एकही दार मला अनोळखी नाही.
सोळा वर्षं मीटर वाचतोय.
सेक्टर, प्लॉट, विंग, जिन्याखालचा पत्र्याचा डबा,
कुठं कुत्रं बांधलंय,
कुठली म्हातारी आधी पाणी देते, मग बिलावरून भांडते,
सगळं पायांना पाठ.
कुणी घरी नसेल तर शेरा लिहायचा: दार बंद.

तरी त्या गुरुवारी
एका शाळेसमोरून तीनदा गेलो
आणि तीनदा मला ती सापडली नाही.

पत्ता प्राजूनं लिहून दिलेला.
फोनही तिनंच केला होता, बाल्कनीत, दार ओढून घेऊन.
गणिताच्या चौकटीच्या वहीचं पान,
एका चौकटीत एक अक्षर:
महापालिका शाळा, पहिला मजला, साडेसात.
खाली, चौकटी सोडून, बाबा जा
पुढे पूर्णविरामसुद्धा नाही.

विचारणार कुणाला?
पानवाल्यानं सवयीनं
समोरच्या परमिट रूमकडेच बोट केलं असतं.
तिथला वेटर मला साहेब म्हणतो.
क्वार्टर न सांगता येते, बर्फ न सांगता,
शेंगदाण्याची बशी फुकट.
घरी मला इतक्या लवकर कुणी ओळखत नाही.

पावणेआठ झाले.
भुर्जीच्या गाडीवर तवा वाजत होता.
हात खिशात, खिशात पान, पान घामानं मऊ.
फाटकाशी वॉचमन, खुर्चीवर एक पाय वर घेऊन
मोबाईलवर कुस्ती बघत.
मी म्हणालो, रीडिंग घ्यायचंय.
गळ्यात ओळखपत्र होतंच.
त्यानं माझ्याकडं पाहिलं, घड्याळाकडं पाहिलं,
म्हणाला,
"मीटर खाली आहे, साहेब.
ती माणसं वर बसतात."

चोरी पकडली गेल्यावर एवढं हलकं वाटतं
हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

तिसरी ब. बाकं बुटकी, गुडघे छातीशी.
फळ्याच्या कोपऱ्यात दुपारचा हिशेब तसाच:
पट एकेचाळीस, हजर छत्तीस.
खाली उद्याची चाचणी आणि पुसू नये.
आम्ही नऊ. पटावर कुणाचंच नाव नाही.
थर्मासमधला चहा गोड, फार गोड.
"सुरुवातीला लागतो," हिराजी म्हणाले, "जीभ काहीतरी मागतेच."
हिराजी खैरणे गावातले. जमीन गेली, पैसे आले,
पैसे कसे गेले ते त्यांनी सांगितलं
भरतीत सुटलेल्या होडीबद्दल सांगावं तसं.
मालतीबाई बँकेतून निवृत्त.
त्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीत ठेवायच्या.
नवरा दर हिवाळ्यात विचारायचा, खोकला अजून गेला नाही?
कुणी हसलं नाही. मग त्याच हसल्या, आणि सगळे हसले.

एक पोरगा, चोवीस-पंचवीसचा, कप फिरवत नुसता बसून होता.
बोल, असं त्याला कुणी म्हणालं नाही.

माझी पाळी आली.
सोळा वर्षं लोकांचे आकडे मोठ्यानं वाचलेत,
मागचं इतकं, चालू इतकं, फरक इतका.
"मी मच्छिंद्र," म्हणालो.
पुढचा शब्द येईना.
दारुडा माझा चुलता होता. बेवडे ते नाक्यावरचे.
मी फक्त घ्यायचो.
पंखा गरगरत राहिला. कुणाला घाई नव्हती.
"आज दुपारी घेतली," एवढंच निघालं.
"मग आत्तापासून धरू," मालतीबाई म्हणाल्या,
काउंटरवर चुकलेली स्लिप दुरुस्त करून देत असतील
तशा आवाजात.

खाली उतरलो तर वॉचमनला डुलकी लागलेली.
परमिट रूमची निळी पाटी चालू होती.
तोंडाला पाणी सुटलं, लपवत नाही.
हिराजी स्कूटर ढकलत आले.
"उद्या घणसोलीला आहे. सापडेल?"
घणसोली माझ्या रूटवर नाही.
तिथलं एकही दार मला माहीत नाही.

"विचारत येईन," मी म्हणालो.