चौदावा प्रश्न

पौर्णिमेच्या आसपास उकेरेवे बेटावर
कुणी होडी काढत नाही.
एवढं चांदणं सांडलेलं असताना
डागा मासळी दिव्याला भुलत नाही.
मग ते आठ-दहा दिवस दिवे घरी असतात
आणि घरात न्यांगेताचं इंग्रजी असतं.

आई म्हणते, चांदण्यातच वाच की.
चांदण्यात ओळ दिसते गं,
स्पेलिंग दिसत नाही.

प्रश्न मी विचारतो.
चार वर्षांपूर्वी याच पेपरात आपटलो,
त्यामुळे प्रश्न सगळे पाठ आहेत.
आमच्या भाषेत तो आणि ती यांना एकच शब्द;
माझ्या निबंधात माझी आई
दुसऱ्या परिच्छेदापासून पुरुष झाली होती.

मैत्रिणीला पत्र लिही,
वाढदिवसाला बोलाव, घराचा रस्ता सांग.
न्यांगेता लिहिते : स्टॉपवर उतर,
बँकेपासून डावीकडे वळ.
आमच्याकडे डावीकडे वळलं की पाणी लागतं.
कुबोजा सरांनी दहापैकी सात दिले,
पाण्याचं विचारलं नाही.

मग कर्मणी प्रयोग.
मासे पकडले गेले.
कुणी पकडले?
ते लिहायला लागत नाही, ती म्हणाली,
उघड असेल तर गाळतात.
मी माझी बोटं पाहिली,
दोरीने चिरलेली, अजून वास मारणारी.
उघडच होतं.

मग क्रियापदं, तीन-तीन रूपांची.
गो, वेंट, गॉन.
ड्रिंक, ड्रँक, ड्रंक.
सिंक, सँक, संक...
आई दाराशी जाळं सांधत होती.
हे काय, म्हणाली, भांड्यावर भांडं आपटल्यासारखं?
बुडतं, मी सांगितलं. बुडालं. बुडालेलं.
तिची सुई थांबली.
ज्या घरातून होडी सुटते
त्या घरात नको.
न्यांगेताने त्या ओळीवर अंगठा ठेवला
आणि खालची घेतली :
सिट, सॅट, सॅट.

नोव्हेंबरातला पेपर नेमका अमावास्येला लागून आला.
पाच दिव्यांतला एक मी घरी ठेवला.
मालक दिवे मोजून देतो, मोजून घेतो.
म्हटलं, काच फुटली.
रात्री पाण्यावर चार उजेड,
पाचव्याच्या जागी नुसतं काळं, तिथे मासा येईना.
वारा फिरला, परतायला उशीर झाला,
आणि वल्हं मारताना
माझ्या तोंडात काय यावं?
गो, वेंट, गॉन.
त्याच्या पुढे जाऊ दिलं नाही जिभेला.

दुपारी ती आली, बूट हातात घेऊन.
आईने उकडलेला कसावा पुढे ठेवला.
कसा गेला?
बरा गेला.

मागे वाळूवर मी डागा पसरत होतो,
तिथे येऊन बसली.
ओंजळभर मासे घेऊन
उगाच एकेक सुटा करत राहिली.
चौदावा प्रश्न, म्हणाली.
तेच क्रियापद. तिन्ही रूपं.

लिहिलंस?

लगेच नाही.
आधी पंधरावा केला, सोळावा केला, पत्र केलं.
मग खिडकीतून
तुझी होडी वाळूला लागलेली दिसली,
तेव्हा लिहिलं.
बारीक अक्षरात.