दोन बोटं

पन्हाळा रोडवरचं हॉटेल बंद पडलं, तेव्हा
लोकांनी टेबलं नेली, पंखे नेले.
मी हे उचललं: भाजल्या मातीचं हिरवं अंडं,
पाऊण क्विंटलचं, लोखंडी बिजागरीचं,
कपाळावर तापमानाचा काटा.
राजारामपुरी, बारावी गल्ली, तिसरा मजला, वर गच्ची.
चौघांनी दोर लावून चढवलं. शेवटच्या पायरीवर
मामेभाऊ धापा टाकत म्हणाला,
"ह्यात काय हत्ती भाजनार हाईस?"

पहिल्याच रविवारी भुवया गेल्या.
काटा चारशेला टेकलेला. आत मटणाचे चाप.
चरबी निखाऱ्यावर टपटपायला लागली, जाळ चढला,
म्हणून खालची खिडकी लावली, वरची चकती सरकवली,
आणि दोन मिनिटांनी
करपलं की काय बघायला
झाकण सताड उघडलं.
मोठा आवाज नव्हताच. नुसतं एक 'हुप्'.
झोपेत कुणा आडदांड माणसानं कूस बदलावी तसं.
मग जळक्या केसांचा वास
आणि जिन्यातून बायकोची हाक: "झाले का?"

गुरुवारी बहिणीचा साखरपुडा.
फोटोत माझ्या भुवया काजळाच्या आहेत,
वहिनीनं काढलेल्या,
डावी जरा वर.

बाबालाल शिकलगार आले ते कुणाकडून तरी ऐकून.
उद्यमनगरात एकतीस वर्षं भट्टीवर काढलेला माणूस.
हसले नाहीत.
बाजारात मडकं घेताना वाजवतात तसं
पेराच्या हाडानं ते अंडं चहूबाजूंनी वाजवलं,
कान लावून. "तडा न्हाई. नशीब."
मग माझ्याकडे बघितलं, खालपासून वर.
"हा शर्ट काढ. टेरिकॉट अंगाला चिकटतंय, सुती घाल.
आन् चप्पल कसली? कातडं झकास हाय,
पर बोटं उघडी. निखारा पडला तर नाचशील."

पोत्यातून बाभळीचा कोळसा त्यांनी स्वतः वेचला,
ओलसर तेवढा बाजूला.
"दमानं तापव. माती हाय ती, तिला घाई चालत न्हाई."
काटा सरकत गेला. दोनशे. अडीचशे.
आम्ही चहा प्यायलो. साडेतीनशे.

"तू काय केलंस, म्हाईत हाय?
त्याला दार लावून उपाशी ठेवलंस
आन् एकदम अख्खं ताट म्होरं केलंस.
हवा म्हंजे घास हाय त्याचा.
आदी दोन बोटं उचल. तोंड बाजूला. हितं हुबा ऱ्हा, म्होरं न्हाई.
चार घास खाऊ दे त्याला. मग उघड."

आणि पाणी?
ते थोडा वेळ गप्प होते.
"आमच्यात सिदू लोहार हुता. पळी ओली हुती."
एवढंच. मग चिमट्यानं
आधीच सारखे असलेले निखारे सारखे करत बसले.

जाताना चामड्याचे हातमोजे ठेवून गेले,
कोपरापर्यंतचे, काळे पडलेले.

त्या संध्याकाळी मी एकटाच होतो.
झाकण दोन बोटं उचललं आणि ऐकलं:
फटीतून हवा आत ओढली जात होती,
पोर गरम दूध फुर्र करून पितं तसा आवाज.
आत जाळ उठला, भिंतीला लागला,
इकडेतिकडे बघितलं आणि खाली बसला.
मग उघडलं.
चाप एका अंगाला तीन मिनिटं, दुसऱ्या अंगाला तीन.
वर नुसतं मीठ आणि कांदा-लसूण चटणी.
दोन डब्यात घालून शिकलगारांकडे पाठवले,
त्यांना दात नाहीत हे डबा गेल्यावर आठवलं.

खिडकी, चकती, दोन्ही घट्ट लावून झोपलो.
सकाळी अंडं अजून कोमट,
शेजारच्यांची मांजर त्याला पाठ लावून पसरलेली.
राख काढायला हातमोजा चढवताना
आतल्या कडेला बॉलपेननं लिहिलेलं दिसलं,
घामानं फाकलेली अक्षरं:
सि. लोहार.

मी तसाच उभा राहिलो.
मग राख काढली.
निम्मा कोळसा अजून चांगला होता.