तळ्याखालची चूल

हान्द्रियकाकांनी सत्तावीस वर्षं चालवलं
कोळसा उकरणारं ते अजस्र चाक.
एका रात्रपाळीत, दोनच्या सुमारास,
त्यांच्याच आईचं स्वयंपाकघर
चाकाच्या बादलीत आलं.
"निळ्या फरशांवरून चूल ओळखली," म्हणतात,
आणि उकडलेल्या बटाट्यांवर जवसाचं तेल ओततात,
जरा जास्तच.

खाण बंद झाली.
खड्डा भरायला नदीला अकरा वर्षं लागली.
आता लुसाटियाच्या नकाशावर तिथे तळं आहे,
नाव अजून ठरायचंय.

मी त्याच तळ्यावर कामाला आहे.
पाण्यावर तरंगणारी सौरपटलं जोडते,
पाणकोंबड्यांची शीट खरवडते
(जाहिरातीत ती नसते).
बर्लिनहून पाहुणे येतात, नवीकोरी हेल्मेटं घालून.
किती मेगावॉट? किती टक्के?
कोणता देश पुढे, कोण अडलाय कुठे?
मी सांगते. आकडे खरेच आहेत.

काल काकांना होडीतून नेलं.
पटलांकडे त्यांचं लक्षच नव्हतं.
ओठांतल्या ओठांत मोजत होते:
देवळापासून चाळीस पावलं, मग प्लमचं झाड,
मग कुंपणाचं मोडकं फाटक...
"थांबव. इथे."

वल्हं थांबलं.
त्यांनी वाकून काळ्या काचेवर पंजा टेकला,
पाव टाकण्याआधी आई भट्टीशी टेकायची तसा.
"तापलीय," म्हणाले.

मग आणखी काहीतरी बोलले,
आमच्या सॉर्बी भाषेत,
जी मला शिकवायची राहून गेली.