टोकन चारशे सतरा

माझं नाव वोर्शा. धंदा धुण्याचा.
एकतीस वर्षं मी लाउझित्समध्ये
कोळशाच्या खाणीचे कपडे धुतले.
सोमवारी पहिल्या पाळीचे, बुधवारी दुसऱ्या,
शुक्रवारी वेल्डरांचे,
त्यांच्या बाह्यांना ठिणग्यांची बारीक भोकं.
पहिलं पाणी शाईसारखं निघायचं,
दुसरं कोऱ्या चहासारखं,
तिसऱ्यात स्वतःचा हात दिसला
की समजायचं, झालं.

चिमणीला धूर तर चुलीला धूर,
असं इथे सगळेच म्हणत.

मग राजधानीत कायदा झाला.
कायदा चांगला होता, आधीच सांगून टाकते.
खिडकीवरची काजळी रोज मीच पुसत होते,
आणि भिंतीपलीकडे बेन्नो शोल्ता खोकायचा
तो मलाच ऐकू यायचा, पहाटेपर्यंत.
पण कायद्यात खाणीचं नाव होतं,
वीजकेंद्राचं होतं,
रेल्वेच्या रुळांचंसुद्धा होतं.
परटिणीचं नव्हतं.
बेन्नोला भरपाई मिळाली. वर प्रशिक्षणही देत होते, पवनचक्कीवर चढायचं.
"चौपन्नाव्या वर्षी? मी काय खार आहे?"
म्हणाला, आणि लेकीकडे निघून गेला.

निधीच्या कार्यालयात टेन्नर्टसाहेब,
तरुण, सभ्य, नखं स्वच्छ.
"निधी नव्या उद्योगांसाठी आहे, बाई. तुमचा जुना."
जुना म्हणूनच बुडतोय, मी म्हटलं.
"खरंय," ते म्हणाले, अगदी मनापासून,
"पण अर्जात तसा रकाना नाही."

तेव्हा माझ्या मिलेंकानं नवी कंपनी काढली.
तीच यंत्रं, तोच नळ, तोच गळका पाइप.
कर्मचारी: एक. वय: अठ्ठावन्न.
अनुभव: रकान्यात मावेना, म्हणून रिकामा सोडला.
सहा आठवड्यांत मंजुरी आली.

आता छपरावर सौर तावदानं आहेत.
पूर्वी भोंगा झाला की मी उठायचे,
आता ऊन चढलं की यंत्र लावते,
ढग आले की कॉफी पिते.
ज्या खड्ड्यातून कोळसा निघाला
त्यात पाणी सोडलंय, त्याला सरोवर म्हणायचं.
काठावर हॉटेल, हॉटेलच्या चादरी माझ्याकडे.
काजळी निघायची हो,
सनक्रीमचा डाग काही केल्या निघत नाही.

जून ते ऑगस्ट मान वर करायला फुरसत नसते.
नोव्हेंबरात मी आणि मिलेंका हिशेब मांडतो,
दोनदा मांडतो, आकडा तोच येतो.
कसायाचं दुकान बंद झालं,
तिथे भाड्यानं सायकली मिळतात.
पवनचक्कीवाले पोरगे डेन्मार्कहून येतात,
स्वतःच्या गाडीतच जेवतात.
हवा मात्र, खोटं कशाला बोलू, गोड झाली आहे.

सरोवराच्या संग्रहालयातून परवा एक मुलगी आली.
खाणीतला एखादा पोशाख आहे का?
होता. टोकन चारशे सतरा, बेन्नोचा,
शेवटच्या पाळीचा, न्यायचा राहिलेला.
तिनं उलगडून पाहिला आणि हिरमुसली.
"हा तर धुतलेला आहे. आम्हाला मळका हवा होता."

मी घडी घालून पुन्हा फळीवर ठेवला.
तसाही तो देता आला नसता.
पावती बेन्नोकडे आहे.