पलीकडची कड

उद्यमबागेत, फाउंड्रीच्या मागच्या गल्लीत,
तीन दिवस ती घोडीवर चढवलेली.
निपाणीच्या शिरगुप्प्यांची मर्सिडीज, शहाण्णवचं मॉडेल, डिझेल.
काचा उघड्या ठेवल्या तरी सीटांतून
तंबाखूच्या वखारीचा वास जात नाही.

"गिअर पडला की मागून कोणतरी दार वाजवतंय,"
विजयमालाबाई म्हणाल्या.
"बाबा असते तर केव्हाच विकले असते."
मी म्हटलं, मग विका की.
"म्हणूनच विकत नाही."

दोन्ही एक्सल बाहेर काढले.
रबरी बूट चिरलेला. आत खानापूर रस्त्याची तांबडी माती
ग्रीसमध्ये शिजून
शिळ्या माडग्यागत झालेली.
पिंजरा तिरका करून एकेक गोळी उपसली.
सहा, आणि सहा.
नेमिनाथनं रॉकेलात धुतल्या,
डावीकडच्या कन्नड पेपरवर मांडल्या
आणि उजवीकडच्या मराठी पेपरवर,
मिसळायला नकोत म्हणून.

पुण्याला फोन केला: जोडीचे अठ्ठ्याऐंशी हजार,
तेही दीड महिन्यानं.
हुबळीचा भंगारवाला एवढंच बोलला, इल्ला.

संध्याकाळी बॅटरी धरून खाचेत बघितलं.
एक कड खाल्लेली, नख अडकावं इतकी.
समोरची कड मात्र
कारखान्यातनं आली तशी, त्यात माझा चष्मा दिसला.
अठ्ठावीस वर्षं गाडी पुढंच गेली.
मागं गेली असेल ती शेडमधून फाटकापर्यंत,
तेवढाच त्या कडेचा संसार.

उस्ताद मलिकसाब मोजायचे उर्दूत,
शिव्या कन्नडमध्ये,
आणि शिकवायचं झालं की मराठीत यायचे:
"डावा उजवीकडं घाल, उजवा डावीकडं.
जी बसून ऱ्हायली, तिला आता वढू दे."

तसंच केलं.
ग्रीस मोजून भरायचं, म्हणून शेजारच्या
कुंदेवाल्याचा काटा मागून आणला,
परत देताना तीनदा पुसला,
तरी त्यानं हुंगून बघितलाच.
नवे बूट, नव्या पट्ट्या. शेवटची क्लिप
उडून कुठं गेली ती रात्री नऊला
नेमिनाथच्या चपलेत सापडली.

सकाळी वंटमुरीचा घाट.
बाई चालवत होत्या, रेडिओ बंद, काच खाली.
दुसरा, तिसरा, चढ, लॉरी मागं टाकली.
दार कोणी वाजवलं नाही.

वर टपरीपाशी वळवायला मागं घेतली, आणि
ठक्.

"हे राहणार?"
राहणार. खरं तुम्ही मागं जाता कितीसं?

त्या हसल्या नाहीत.
चहाचे पैसे दिले, गाडीत बसल्या.
रस्ता मोकळा होता, पुढं जायला जागा भरपूर,
तरी एकदा मागं घेतली,
हातभरच,
आणि कान देऊन ऐकलं.