मधलं नाव

विट्यात यंत्रमागाच्या शेडमागे आमचं घर.
खडखडाट इतका
की तो थांबला तरच आम्ही जागे व्हायचो.

दस्तगीरचाचा दोन माग सांभाळायचे.
ताण्यातला धागा तुटला
की हजारांत बोट फिरवून नेमकं तेच टोक उचलायचे,
थुंकी लावून गाठ मारायचे.
"शैले, नुसत्या डोळ्यानं नसतंय बघायचं.
डोळा फसतोय."

आता मीही धागेच शोधते,
खिडकी नसलेल्या खोलीत, पडद्यावर.
नाव, जन्मतारीख, तिकीट कुणी काढलं, रोख की कार्डानं,
सामान किती, परतीचं आहे का.
शेजारच्या देशांशी करार झालाय:
विमान उडायच्या आधी
तुमची यादी आम्हाला, आमची तुम्हाला.
बैठकीचा फोटो आहे. झेंडे, पाण्याच्या बाटल्या,
प्रत्येकाच्या गळ्यात आपापलं नाव.

करारावर माझा विश्वास आहे. आधीच सांगते,
कारण पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, नसावा.
एक तिकीट होतं एकाच दिशेचं,
तीन देशांतून वळसे घेत निघालेलं.
तिघांनी आपापला तुकडा टेबलावर ठेवला
तेव्हा कुठं तो वळसा दिसला.
पुढच्या विमानात एकशे बासष्ट माणसं बसली,
जेवली, झोपली, उतरून घरी गेली.
त्यांना अजून माहीत नाही.
माहीत नसावंच.

मग एका मंगळवारी पहाटे लाल रेघ आली.
काठमांडू ते मुंबई, आसन एकवीस क.
मुलाणी बाबालाल दस्तगीर.

कुठल्याशा देशाला कुणी दस्तगीर हवा होता.
यंत्राला नावाचे तीन तुकडे मिळाले,
त्यानं मधला उचलला.
यंत्राला कोण सांगणार,
आमच्याकडं माणसाच्या मधोमध बाप असतो.

मला ठाऊक होतं
हा बाबालाल, लेंगऱ्याचा,
बारा वर्षं तिकडं गलाईच्या दुकानात
सोनं आटवतो,
आणि त्याचा दस्तगीर ओढ्याकाठच्या कब्रस्तानात
कधीचा निजलाय.
पण ओळख हा पुरावा नव्हे.
नियम चांगला आहे. मीच तो नव्या पोरांना शिकवते.
मी विचारणा पाठवली, जन्मसाल मागितलं, थांबले.
उत्तर आलं चार तास दहा मिनिटांनी:
तो हा नव्हे.
विमान कधीच गेलं होतं.

दिवाळीत गावी गेले. बाबालाल भेटला, घरी घेऊन गेला.
चहात खारी बुडवत सांगत होता,
"लेकीच्या साखरपुड्याला येत हुतो बघ, ऱ्हायलं.
खुर्ची चांगली हुती. पाणी दिलं.
वाईट कुणीच बोललं न्हाई,
फकस्त कुणी कायच बोललं न्हाई.
अब्बांचं नाव मात्र चारदा इचारलं.
खरं सांगू? बरं वाटलं.
लई दिसांनी कुणीतरी त्यांचं नाव घेतलं."

त्याची लेक दारात उभी होती,
हातातली अंगठी फिरवत.
मी खारीचा चुरा वेचत राहिले ताटलीतला.
सांगता येत नाही. सही केलीय तशी.
परतल्यावर आठही देशांना टिपण लिहिलं होतं,
मधल्या नावाबद्दल, साध्या भाषेत, दोन उदाहरणांसह.
पोच आली.
विषय पुढच्या बैठकीत.

वीज गेली. पलीकडचे माग एकदम थांबले
आणि आम्ही दोघं एकमेकांकडं बघितलं,
आत्ताच जागे झाल्यासारखं.

"तू सरकारात हाईस न्हवं," तो म्हणाला,
"मार्चात लगीन हाय, परत यायचंय.
तिकिटावरचं मधलं नाव गाळलं तर
चालंल का गं?"

गाळू नको, म्हटलं.
वेळेच्या बरंच आधी जा.